छप्पर एक, चुली तीन

२०११ च्या शिरगणतीत आम्हां शिक्षकांकडे जे काम आले त्यात माझ्या वाट्याला राजवाड्यापासून फार दूर नसलेली एक जुनी गल्ली आली होती. हातात फॉर्मांची चळत, गळ्यात ओळखपत्र आणि माथ्यावर फेब्रुवारीचे ऊन अशा थाटात मी एका मराठी वाड्याच्या दिंडीतून आत शिरले. चौकात तुळशीवृंदावन होते, कोपऱ्यात वापरातून गेलेली विहीर होती, आणि ओसरीवर एक वृद्ध बाई मटार, म्हणजे आमच्या इंदुरी भाषेत बटला, सोलीत बसल्या होत्या. "आजी, या घरात किती कुटुंबे राहतात?" असे मी विचारले. हातातील काम न थांबविता त्या म्हणाल्या, "छप्पर एक, चुली तीन, आणि कुटुंब म्हणाल बाई, तर एकच."

शिरगणतीचा नियम सोपा आहे. जी माणसे नेहमी एकत्र राहतात आणि एका स्वयंपाकघरातील अन्न खातात, ती एक कुटुंब. तेथे नात्याचा विचार नाही आणि छपराचाही नाही. नियमाप्रमाणे मी तीन फॉर्म भरले. तिसऱ्या फॉर्माची हकीकत शेवटी सांगेन. परंतु आजींचे ते उत्तर माझ्या मनातून गेले नाही. इंदूरसारख्या शहरात मराठे आले, मारवाडी आले, बोहरी, पारशी, परदेशी, सिंधी, ख्रिस्ती आले. भोवताली माळवी शेतकरी आणि पलीकडे निमाड-झाबुव्याचे भिल्ल तर होतेच. या सर्वांनी "घर" या शब्दाचा अर्थ एकच केला असेल काय? आणि त्या घरात कोणाला हक्काने व कोणाला दयेने राहावयास मिळत असे?

पूर्वी सर्व लोक एकत्र कुटुंबात राहत, पुढे इंग्रजी विद्या व नोकऱ्या आल्या आणि घरे फुटली, ही गोष्ट आपण इतक्या वेळा ऐकली आहे की ती तपासून पाहण्याचे कोणास सुचत नाही. १९५१ च्या शिरगणतीत असे आढळून आले की, खेड्यांतसुद्धा सुमारे एक तृतीयांश कुटुंबांत तीन किंवा त्याहून कमी माणसे आहेत. वेगळे होण्याची सवय आपल्या लोकांत बरीच प्रबळ असली पाहिजे, असा निष्कर्ष त्या वेळच्या अधिकाऱ्यांनी काढला. त्यावर समाजशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला. चूल वेगळी झाली म्हणजे कुटुंब तुटले असे थोडेच आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आमच्या आजींचेही तेच म्हणणे होते. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एकत्र कुटुंबाची जी लक्षणे सांगितली त्यांत एक छप्पर, एक चूल, सामायिक मालमत्ता, सामायिक देवपूजा आणि विशिष्ट प्रकारचे नाते या पाच गोष्टी येतात. इंदूरच्या इतिहासात या पाचही गोष्टी एका ठिकाणी सापडणे सोपे नाही.

प्रारंभ होळकरांपासूनच करू. या राज्याचा पाया घालणारा पुरुष बापाच्या घरी वाढलाच नव्हता. मल्हारराव १६९३ साली नीरेकाठच्या होळ या गावी जन्मले. ते लहान असतानाच वडील खंडुजी वारले, आणि भाऊबंदांच्या जाचाला कंटाळून आईने मुलासह खानदेशात तळोद्याचा रस्ता धरला. तेथे तिचा भाऊ भोजराज बारगळ हा कदमबांडे सरदारांच्या पदरी होता. मामाच्या घरी मल्हारराव वाढले, मामाच्या पागेत घोड्यावर बसावयास शिकले, आणि पुढे मामाचीच कन्या गौतमाबाई त्यांची पत्नी झाली. म्हणजे विधवेला आसरा मिळाला तो सासरच्या एकत्र कुटुंबात नव्हे, माहेरी. शास्त्राने ज्या घरावर तिचा हक्क मानला ते घर तिला नकोसे झाले आणि जेथे हक्क नव्हता तेथे तिचे पोर मोठे झाले.

मामाच्या मुलीशी लग्न ही गोष्ट महाराष्ट्रातील अनेक जातींत आजही कोणास नवी वाटत नाही. उलट मामाचा तो मानच आहे. पण नर्मदा ओलांडून माळव्यात आले की चित्र पालटते. येथील जातींत मामाची मुलगी ही बहीण. तिच्याशी विवाहाची कल्पनासुद्धा पाप. मामा भाचीच्या लग्नात मामेरा घेऊन येईल, वस्त्रे व दागिने घालील, पण त्यापुढे दोन्ही घरांत एक रेषा असते. जुने लोक तर मुलीच्या सासरी पाणीही पीत नसत. ज्या घराने आपली कन्या घेतली त्याच्याकडून काही घ्यावयाचे नाही, हा उत्तरेकडील दंडक. अशा प्रांतावर, बायकोचा बाप आणि आईचा भाऊ ज्याच्या बाबतीत एकच मनुष्य होता, असा सरदार राज्य करू लागला. एकाच गल्लीत राहणाऱ्या मराठी आणि माळवी शेजाऱ्यांनी एकमेकांच्या सोयरिकींकडे कोणत्या नजरेने पाहिले असेल याची कल्पना आपण करावी. माझ्या वर्गात हा विषय निघाला की आजही माळवी मुली तोंडावर हात धरतात.

गौतमाबाईंविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यासारखी दुसरी त्या काळी क्वचितच आढळेल. १७३४ साली पेशव्यांकडून गौतमाबाईंच्या नावे "खासगी" म्हणून स्वतंत्र जहागीर मिळाली. "दौलत" म्हणजे राज्याचा खजिना निराळा आणि "खासगी" म्हणजे राजघराण्यातील मुख्य स्त्रीचे उत्पन्न निराळे, अशा दोन वह्या होळकरांच्या घरात त्या वेळेपासून सुरू झाल्या. गौतमाबाईंमागून ही खासगी सून अहिल्याबाईंकडे आली. काशीपासून रामेश्वरापर्यंत ज्या घाटांची, देवळांची व अन्नछत्रांची आपण आजही नावे घेतो, त्यांचा खर्च या खासगीतून झाला. एका छपराखाली, एका देवघरापुढे राहूनही सासू-सुनेच्या हाती स्वतःचा पैसा असावा, ही व्यवस्था तलवारीच्या जोरावर उभ्या राहिलेल्या घराने केली. शास्त्री-पंडितांच्या घरांत ती नव्हती.

अहिल्याबाईंचे आयुष्य तर एकत्र कुटुंबातील स्त्रीच्या सर्व अवस्थांचा पटच आहे. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. त्या सती जावयास निघाल्या तेव्हा सासऱ्याने त्यांना मागे फिरविले आणि दौलतीच्या कारभारात बसविले. १७६६ मध्ये मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी पुत्र मालेराव गेला. घरात कर्ता पुरुष उरला नाही, तेव्हा राज्य दत्तकाच्या निमित्ताने गिळंकृत करावे असा काहींचा विचार होता. अहिल्याबाईंनी तो चालू दिला नाही. फौजेची जबाबदारी त्यांनी तुकोजी होळकरांकडे दिली. हे तुकोजी मल्हाररावांचे पुत्र नव्हते, केवळ त्यांच्या कुळातील होते. वयाने ते अहिल्याबाईंपेक्षा मोठे असूनही त्यांना मातुःश्री म्हणत असत. राज्य चालविण्यासाठी नाते लागले, तेव्हा ते असे निर्माण करण्यात आले.

मुलूख ताब्यात आल्यावर या विधवेने विधवांच्या बाबतीत काय केले, हे सर जॉन माल्कमने १८२३ च्या आपल्या ग्रंथात नोंदवून ठेविले आहे. निपुत्रिक मेलेल्याचे धन सरकारात जमा करावयाचे ही त्या काळची सर्वमान्य रीत. खरगोणच्या दोघा धनवान सावकार भावांना संतती नव्हती. ते वारल्यावर त्यांच्या विधवा सर्व संपत्ती घेऊन बाईंकडे आल्या. बाईंनी ती घेतली नाही. तुमच्या हाताने लोकोपयोगी कामात लावा, असे सांगितले. खरगोणला त्या पैशातून घाट व देऊळ झाले. माल्कम हा परका, विजेता, इंग्रज. तरी बाईंविषयी लिहिताना त्याची लेखणी नम्र होते.

पण याच घरात दुसरी घटना घडली तीही विसरता येत नाही. कन्या मुक्ताबाईचा मुलगा गेला, आणि पाठोपाठ १७९१ मध्ये पती यशवंतराव फणसे गेला. मुक्ताबाई महेश्वरला नर्मदेच्या तीरी सती गेली. आईने पाया पडून विनवणी केली, उपयोग झाला नाही. सासऱ्याच्या शब्दाने जी स्वतः मागे फिरली तिचा शब्द लेकीला मागे फिरवू शकला नाही. मुलगा नाही, नवरा नाही, आई म्हातारी. आईमागून आपण कोणाच्या घरी असणार, हा विचार मुक्ताबाईच्या मनात होता असे माल्कमच्या कथनावरून दिसते. राणीच्या लेकीला हा प्रश्न पडावा, यावरून इतर घरांची स्थिती काय असेल हे वेगळे सांगावयास नको.

१८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला आणि राजधानी इंदुरास आली. सरदार, कारकून, शास्त्री, वैद्य, गवई यांचे वाडे राजवाड्याभोवती उठले. बक्षी गल्ली, किबे कंपाऊंड, बोळिया सरकारांची छत्री ही नावे त्यांतलीच. बाहेर ओसरी व कचेरी, आत माजघर, देवघर, मागे स्वयंपाकघर व परसू, अशी ही रचना महाराष्ट्रातून जशीच्या तशी आली. तिच्याबरोबर एक न दिसणारी वस्तूही आली, ती म्हणजे कायदा. हिंदू कुटुंब एका प्रांतातून दुसऱ्यात गेले तर ते आपला शास्त्रार्थ बरोबर नेते, असे तत्त्व पुढे ब्रिटिश न्यायालयांनी मान्य केले. त्यामुळे एकाच भिंतीच्या दोन अंगांना दोन निराळे वारसाहक्क नांदू शकत. मुंबईकडील पद्धतीत निपुत्रिक भावाच्या मिळकतीवर बहिणीचा क्रम बराच वर लागे. काशीच्या पद्धतीत १९२९ च्या कायद्यापर्यंत बहिणीला वारस म्हणून स्थानच नव्हते. मराठी घरातील बहीण आणि शेजारच्या माळवी घरातील बहीण एका विहिरीवर पाणी भरीत, पण कायद्यापुढे त्या दोघी सारख्या नव्हत्या.

या वाड्यांत एका पंक्तीला पंचवीस-तीस पाने उठत असत, असे अभिमानाने सांगणारे वृद्ध मी पाहिले आहेत. त्या पंक्तीत घरचे किती आणि बाहेरचे किती, हे विचारले की मौज वाटते. दूरच्या नात्यातील पोरका मुलगा, वारावर जेवणारे विद्यार्थी, देवदर्शनास आलेले व तेथेच राहिलेले कोणी काका, नोकरीच्या शोधात कोकणातून आलेला भाचा, असा तो मेळा असे. आठवड्याच्या सात वारी सात घरी जेवून शिकलेल्या मुलांची एक मोठी पिढी महाराष्ट्राने पाहिली आहे. इंदुरातील मराठी घरांनीही ती परंपरा राखली. ही उदारता खरी होती. परंतु त्या पंचवीस पानांचा सोवळ्यातील स्वयंपाक कोण करीत असे? बहुधा घरातील विधवा. एखादी आत्या, एखादी धाकटी जाऊ, केशवपन झालेली, लाल आलवणातील, पहाटे विहिरीवर स्नान करून चुलीपुढे बसलेली. सामायिक मालमत्तेत तिचा वाटा नव्हता. अन्नवस्त्राचा काय तो हक्क. एकत्र कुटुंबाची ती थोरली चूल वर्षानुवर्षे पेटती राहिली ती अशा हातांनी. १९३७ साली डॉ. गो. वि. देशमुखांच्या प्रयत्नाने विधवेला पतीचा हिस्सा देणारा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानात झाला; संस्थानांत तो आपोआप लागू नव्हता.

आता वाड्यातून बाहेर पडू. सराफ्याकडे वळले की मारवाडी व जैन पेढ्या लागतात. तेथे छपरापेक्षा वही मोठी. सर सेठ हुकुमचंद (१८७४–१९५९) यांच्या पेढीचे नाव स्वरूपचंद हुकुमचंद, म्हणजे बापलेकांची नावे जोडून झालेले. पेढी आणि कुटुंब एकच असल्याची ती खूणच म्हणावयाची. मुलगे कलकत्त्यास राहोत की मुंबईस, वर्षाच्या शेवटी हिशेब एका वहीत. मराठी वाडा फुटतो तो स्वयंपाकघरातून, मारवाडी घर फुटते ते पेढीतून, असे एक वृद्ध सराफ मला म्हणाले होते. त्यांनी दोन्ही पाहिले होते.

बोहऱ्यांची तऱ्हा निराळी. बोहरा बाखल हे नाव इंदुरात सर्वांना ठाऊक आहे. बाखल म्हणजे एका अंगणाभोवती जमलेली घरे. मुसलमानी कायद्यात जन्मसिद्ध सामायिक मालमत्ता ही कल्पनाच नाही. बाप जिवंत असेपर्यंत धन बापाचे, त्याच्यामागे मुलगीही वारस, मुलाच्या निम्म्याने का होईना. असे असूनही भाऊ भाऊ मिळून दुकान चालवितात आणि एका मोठ्या थाळाभोवती बसून एकत्र जेवतात. कायदा वेगळे करतो आणि थाळ जोडतो. गेल्या काही वर्षांत तर या समाजाने सामुदायिक स्वयंपाकघरातून घरोघर डबा पोचविण्याची व्यवस्था केली आहे. शिरगणतीचा नियम येथे अक्षरशः लावला तर साऱ्या जमातीचे एकच कुटुंब लिहावे लागेल!

गिरण्यांच्या बाजूचे परदेशीपुरा हे नाव उत्तरेकडून आलेल्या मजुरांची आठवण देते. तेथे खोल्यांत पुष्कळदा नुसते पुरुष असत, कुटुंब गावी. एक छप्पर आणि एक चूल होती. नाते मात्र नव्हते. १९४७ नंतर सिंधी आले ते घरे गमावून, जी माणसे हाती लागली ती घेऊन. त्यांच्या छावण्यांत कोण सख्खे व कोण चुलत हे विचारण्याची सोयच नव्हती.

माळव्यातील खेड्यासंबंधी आपल्याजवळ एक उत्तम ग्रंथ आहे. ॲड्रियन मेयर नावाचे इंग्रज विद्वान १९५४ ते १९५६ या काळात देवासजवळच्या एका गावी येऊन राहिले. गावाला त्यांनी रामखेडी असे टोपणनाव दिले आणि १९६० मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी सोयऱ्यांचे दोन प्रकार केले आहेत. ज्यांच्याशी प्रत्यक्ष देणेघेणे, मदत व कार्यात जाणेयेणे चालते ते एक. आणि ज्यांच्याशी नाते आहे एवढे ठाऊक असते, सोयरीक जुळविताना ज्यांचा विचार होतो, ते दुसरे. एका घरात राहणे हे या पहिल्या वर्तुळाचे केवळ एक टोक आहे. भाऊ वेगळे होऊन शेजारी शेजारी राहतात, पण नांगरणीला बैल एकमेकांचे, लग्नाला माणसे एकमेकांची. एकत्र कुटुंब मोडले म्हणून गळा काढणाऱ्यांनी हा ग्रंथ अवश्य पाहावा.

आणि भिल्ल? झाबुव्याकडे गेलात तर दाट वस्तीचे गाव दिसणार नाही. एका टेकडीवर एक झोपडी, दुसरीवर दुसरी. अशा विखुरलेल्या घरांचा मिळून एक फळिया. मुलाचे लग्न झाले की त्याला वेगळी झोपडी बांधून देतात. धाकटा मुलगा आईबापांपाशी राहतो. सून आल्याबरोबर स्वतःच्या चुलीची मालकीण होते. आमच्या शहरी लोकांनी याला मागासलेपणा म्हटले. पण त्याच भिल्लांत "हलमा" नावाची चाल आहे. एखाद्याचे काम अडले तर हाक देताच सारे गाव मजुरी न घेता धावून येते. एकत्र कुटुंबाकडून आपण ज्या आधाराची अपेक्षा करतो तो आधार येथे एका चुलीवाचून मिळतो.

यापुढचे माझ्या स्वतःच्या समाजाविषयी आहे, तेव्हा थोडे जपून बोलते. हिंदू घरातील कोणी ख्रिस्ती झाला की प्रथम प्रश्न येई तो पंक्तीचा आणि दुसरा वाटणीचा. १८५० च्या कायद्याने ब्रिटिश मुलखात धर्मांतरामुळे मालमत्तेचा हक्क जाऊ नये अशी तरतूद केली. परंतु ख्रिस्ती झाल्यावर ते घर एकत्र राहिले की नाही, याचा निकाल लागला तो १८६३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलात, बल्लारीच्या अब्राहम कुटुंबाच्या दाव्यात. मॅथ्यू अब्राहम हा तमिळ अस्पृश्य समजल्या गेलेल्या जातीतील ख्रिस्ती. त्याची पत्नी शार्लट मिश्र युरोपीय वंशाची. मॅथ्यूने मोठी संपत्ती मिळविली आणि १८४२ मध्ये तो वारला. धाकटा भाऊ फ्रान्सिस म्हणाला, आम्ही हिंदू रीतीने एकत्र भाऊ होतो, मला वाटा द्या. विधवा म्हणाली, आम्ही ख्रिस्ती, आमचे राहणे, वेष, चाली सर्व युरोपीय पद्धतीच्या; येथे एकत्र कुटुंब कोठले? कौन्सिलाने ठरविले की, धर्मांतरित मनुष्य जुना कायदा पाळू शकतो किंवा सोडू शकतो, आणि त्याचे वागणे पाहून ते ओळखावे. या कुटुंबाने जुना कायदा सोडलेला होता. शार्लट जिंकली. घर कोणत्या प्रकारचे आहे हे रक्ताने न ठरता जेवणाच्या टेबलावरून व अंगावरील वस्त्रांवरून ठरले, हे मला नेहमी चमत्कारिक वाटत आले आहे. दोन वर्षांनी, १८६५ मध्ये, वारसा कायदा झाला. त्यात विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले मुलांना समान, मुलगा-मुलगी भेद नाही.

आमच्या भागात आणखी एक प्रकार घडला. संवत १९५६ चा, म्हणजे १८९९–१९०० चा, छप्पनिया दुष्काळ माळवा व भिल्लप्रदेश यांवरून गेला तेव्हा हजारो मुले पोरकी झाली. झाबुव्यातील थांदल्याचे कॅथॉलिक मिशन काय किंवा इंदुर-महूकडील कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनची अनाथालये काय, तेथे ही मुले वाढली आणि पुढे त्यांच्यातच लग्ने झाली. त्या संसारांत सासू नव्हती, दीर नव्हता, मामा नव्हता. लग्नात मामाची जागा कोणी घ्यावयाची? अनाथालयात बरोबर वाढलेला मोठा मुलगा मामा झाला, स्वयंपाकीण आजी झाली, धर्ममातापिता खरे मातापिता झाले. दोन पिढ्यांनी ही नाती इतकी पक्की झाली की त्यांच्यात सोयरीक करावी की नाही असा विचार पडू लागला. जे एकत्र कुटुंब दुष्काळाने नाहीसे केले होते ते या लोकांनी शब्दांतून पुन्हा उभे केले.

आमचे घराणे मूळचे वसईचे. रेल्वेच्या नोकरीने आजोबा महूस आले. (१७३९ च्या वसईच्या मोहिमेत मल्हारराव होळकरही होते. माझ्या पूर्वजांचे गाव जिंकणाऱ्यांच्या गावी आम्ही येऊन राहिलो.) ख्रिस्ती घरात मुलीला समान वाटा, हे मी लहानपणापासून अभिमानाने ऐकले. आजोबा गेल्यावर घराची वाटणी झाली तेव्हा आत्या सासरहून आली, दोन दिवस राहिली, आणि हक्कसोडपत्रावर सही करून गेली. कोणी तिच्यावर सक्ती केली नाही. "भावांचे घर उघडे राहिले पाहिजे," एवढेच ती म्हणाली. कायद्याने दिलेला तिसरा हिस्सा देऊन तिने माहेरी येण्याचा हक्क विकत घेतला होता. कायदा समान असला म्हणजे घरही समान होते, या माझ्या समजुतीला त्या दिवशी प्रथम तडा गेला. तेव्हापासून हिंदू घरांच्या उणिवा मोजताना माझा आवाज जरा खाली येतो.

हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ रोजी अमलात आला. मुलगी बापाच्या हिश्श्यात वारस झाली. परंतु राहत्या घराला एक स्वतंत्र कलम होते, तेविसावे. पुरुष वारसांनी आपसांत वाटणी करण्याचे ठरवीपर्यंत मुलीला घराची वाटणी मागता येत नव्हती. ती अविवाहित, विधवा, नवऱ्याने टाकलेली किंवा त्याच्यापासून वेगळी झालेली असेल तरच तेथे राहण्याचा हक्क. हे कलम २००५ मध्ये गेले. त्याच दुरुस्तीने मुलगी जन्मतःच सामायिक मालमत्तेची भागीदार झाली, आणि बाप २००५ पूर्वी वारला असला तरी तिचा हक्क बाधित होत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. मल्हाररावांच्या आईने तळोद्याचा रस्ता धरल्यापासून तीनशेहून अधिक वर्षे लोटल्यानंतरची ही गोष्ट.

आता तो तिसरा फॉर्म. वाड्यातील पहिली चूल थोरल्या भावाच्या मुलांची, दुसरी धाकट्याच्या. तिसरी कोणाची, असे मी विचारले तेव्हा आजी म्हणाल्या, "माझी." त्या त्या घरच्या सून नव्हत्या, लेक होत्या. बाविसाव्या वर्षी वैधव्य आले, वडिलांनी परत आणले. वडील गेले १९५५ च्या पावसाळ्यात; कायदा आला पुढच्या वर्षी. भावांनी जिन्याखालची खोली दिली आणि पन्नास वर्षे कोणी वाईट शब्द काढला नाही, हे त्यांनी आवर्जून सांगितले. भाऊ गेल्यावर, भाचेसुनांच्या हाताखाली जेवावयाचे कसे, म्हणून त्यांनी स्वतःची शेगडी मांडली होती. इतके दिवस त्या दोन्ही घरचा स्वयंपाक करीत आल्या होत्या.

फॉर्मात "मुखिया से संबंध" असा रकाना असतो. "काय लिहू, आजी?" म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "भावाची बहीण लिहा. नाहीतर आत्या लिहा." मी समजावून सांगितले की, चूल वेगळी म्हणजे कुटुंब वेगळे, आणि या कुटुंबात तुम्ही एकट्याच आहात, तेव्हा मुखिया तुम्हीच. त्यांनी हातातील बटल्याची शेंग प्रथमच खाली ठेवली. मी लिहिलेले मला दोनदा वाचून दाखवावयास लावले, आणि मग सूप उचलून त्या जिन्याखालच्या खोलीत गेल्या.